अप-डाउनच्या मधली दुपार

वर्धा ते नागपूर हे अंतर साधारण ७५ किलोमीटरचं. काटोल, उमरेड, रामटेक, भंडारा ही गावंही तास-दीड तासाच्या टप्प्यातली. या गावांतून आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांतून रोज सकाळी कॉलेजसाठी नागपूर गाठायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, याला विदर्भात एक नेमका शब्द आहे: अप-डाउन. नागपुरात शिकणाऱ्या कुणाचीही चौकशी करा, ‘होस्टेलला राहतो, रूम केली, की अप-डाउन करतो?’ हा प्रश्न विषय कोणता घेतला याच्याही आधी येतो. एसटीच्या विद्यार्थी पासात दोन तृतीयांश भाडं माफ होतं, त्यामुळे हे परवडतं तरी. पाठीवर सॅक, सॅकमध्ये डबा, प्लास्टिकच्या पाकिटात पास. तीन-चार तास होतात, साडेबारा-एकला वर्ग रिकामे होतात, आणि परतीची गाडी दुपार टळल्यावर असते. मधले दोन-तीन तास कॉलेजच्या पायऱ्यांवर, झाडाखाली किंवा मोबाइलमध्ये जातात. ‘आजची मुलं कशातच भाग घेत नाहीत’ ही प्राध्यापकांची आणि पालकांची तक्रार याच रिकाम्या दुपारवरून सुरू होते. माझं म्हणणं उलट आहे. मुलं उदासीन झालेली नाहीत, विद्यापीठानं त्यांना प्रेक्षक केलं आहे. कार्यक्रमाला बोलावणं आणि कामात घेणं यांतला फरक आपल्या संस्था विसरल्या आहेत, आणि विद्यार्थी जीवन ओस पडण्याचं मूळ कारण तेच आहे.

नागपूर विद्यापीठ सुरू झालं ४ ऑगस्ट १९२३ रोजी. संलग्न महाविद्यालयं सहा आणि विद्यार्थी ९२७. आज एखाद्या मोठ्या कॉलेजच्या नुसत्या पहिल्या वर्षालाही याहून जास्त मुलं असू शकतात. मॉरिस कॉलेज, हिस्लॉप कॉलेज अशा मोजक्या इमारती आणि एकमेकांना चेहऱ्यानं ओळखणारी मुलं, असं ते विद्यापीठ होतं. त्यानंतर ते वाढलं, फुटलं, पुन्हा वाढलं. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ निघालं, आणि २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव धारण केलेल्या या विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे राहिले. शहरातही ते एका आवारात नाही. पदव्युत्तर विभाग अमरावती रोडवर, जुनी प्रशासकीय इमारत सिव्हिल लाइन्सकडे, ग्रंथालय रामदासपेठेत, आणि महाविद्यालयं सीताबर्डीपासून नंदनवनपर्यंत पसरलेली. अशा विद्यापीठात विद्यार्थ्याला ‘आपण विद्यापीठात आहोत’ असं वाटण्याचे प्रसंग दोनच: परीक्षेचा अर्ज आणि निकाल. आपलेपणा आपोआप येईल असं वाड्यासारखं घर इथे नाही, तो मुद्दाम उभा करावा लागतो.

पूर्वी तो उभा राहत असे, कारण मुलांच्या हाती काहीतरी असे. १९४०च्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते ए. बी. बर्धन. पुढे १९५७ मध्ये ते नागपुरातून अपक्ष आमदार झाले आणि १९९६ ते २०१२ भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे महासचिव राहिले. दुसऱ्या टोकाला याच शहरातल्या कॉलेजांतून, अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कामातून नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस घडले. फडणवीस १९९२ मध्ये नगरसेवक आणि १९९७ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी महापौर झाले. तिसरी धारा आंबेडकरी चळवळीची, आणि माझ्या मते नागपूरच्या विद्यार्थी जीवनातली सर्वांत खोल. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं म्हणून १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे जो लाँग मार्च निघाला, त्याचं बळ तरुण आणि विद्यार्थी हेच होतं. दुसऱ्या विद्यापीठाच्या नावासाठी शेकडो किलोमीटर चालत निघालेली ही मुलं होती, त्यात त्यांच्या गुणपत्रिकेवर एक गुणही वाढणार नव्हता. विचारांनी एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या या तिन्ही धारांत एक गोष्ट समान आहे. विद्यार्थ्याच्या शब्दाला वजन आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

ते वजन कमी कधी झालं याची तारीख सांगता येते. १९८९च्या मार्चमध्ये ६१व्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, म्हणजे कॉलेजातलं पोर देशाचा मतदार झालं. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि महाराष्ट्र हादरला. पुढे १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणूक संपवली. वर्गातला गुणवत्ता यादीतला पहिला विद्यार्थी आपोआप वर्ग प्रतिनिधी, एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागांतून प्राचार्यांनी नेमलेले काहीजण, आणि त्यांच्यातून एक विद्यापीठ प्रतिनिधी, म्हणजे यूआर, अशी पद्धत आली. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, विद्यार्थ्यांच्या सोळा वर्षांच्या लढ्याला फळ आलं, आणि त्याच वर्षाच्या कायद्यानं विद्यार्थ्याच्या हातातली मतपत्रिका काढून घेतली. हा योगायोग मला फार बोचतो. वर्गात पहिला येणारा मुलगा हुशार असेल, प्रामाणिकही असेल. पण पाण्याची टाकी साफ होत नाही म्हणून तो कुणासाठी भांडेल, याची हमी त्याच्या टक्केवारीत नसते. आणि त्याला कुणी निवडलेलं नसल्यामुळे तो कुणाला उत्तर देणंही लागत नाही.

२०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं हे बदललं, निदान कागदावर. महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी थेट मतदानानं निवडायचे, आणि त्यांनी मिळून विद्यापीठ परिषद निवडायची, अशी तरतूद झाली. २०१९च्या पावसाळ्यात या निवडणुकांचं वेळापत्रक आलं. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या म्हणून ते पुढे ढकललं गेलं, मग कोरोना आला, आणि पुढची वर्षं तशीच गेली. अठरा वर्षांची मुलगी गोंदियात जाऊन आमदार निवडते, नागपुरात परतल्यावर तिला वर्ग प्रतिनिधी निवडता येत नाही. तिच्यापुढे नागरिकशास्त्राचं याहून वाईट प्रात्यक्षिक दुसरं नसेल.

इथे गंभीर आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. निवडणुका आल्या की पैसा येतो, बाहेरचे दादा येतात, जातीपातीची गणितं येतात, रक्त सांडतं. १९८९ची घटना खोटी नाही आणि तिची भीती बाळगणाऱ्या आई-वडिलांना भित्रं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण तेव्हा आणि आता यांत एक फरक आहे. विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये लागू केल्या. त्यांनुसार उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील पोस्टरला बंदी, हजेरी किमान ७५ टक्के, विषय राहिलेला नसावा, आणि वयाचीही अट. नियम आहेत, ते पाळून घेण्याची तयारी हवी. दुसरं असं की निवडणूक बंद केल्यानं राजकारण गेलं, असं झालेलंच नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधर गटाच्या जागा असतात आणि त्यांच्या निवडणुका संघटना आपापलं पॅनल उभं करून उघडपणे लढवतात. पक्ष राहिले, संघटना राहिल्या, त्यांचे झेंडे राहिले. गेलं ते फक्त बाकावर बसलेल्या साध्या पोराचं मत. संघटनेत असलेल्याला आजही दार उघडं आहे, नसलेल्यालाच ते बंद आहे. ज्याला राजकारणाची भीती वाटते, त्यानं खरं तर या व्यवस्थेचीच जास्त भीती बाळगायला हवी.

तरीही सगळं दुखणं निवडणुकीवर ढकलणं बरोबर नाही. निवडणूक वर्षातून एक दिवस असते, विद्यार्थी जीवन उरलेल्या दिवसांचं. त्या दिवसांत काम कसं दिसतं, ते पाहायचं तर राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, निवासी शिबिर पाहावं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० स्वयंसेवक घेऊन ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, हा तिचा सांगाडा. शिबिर म्हणजे एखाद्या गावची जिल्हा परिषदेची शाळा, वर्गात जमिनीवर सतरंज्या, पहाटे थंडीत प्रार्थना, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. पण शिबिराचा जीव भाषणांत नसतो, तो कोठीघरात असतो. तांदूळ किती आला, डाळ किती उरली, गॅस सिलिंडर उद्या संपणार की परवा, आज स्वयंपाकाला कोणता गट आणि भांड्यांना कोणता, हे सगळं एका शंभरपानी वहीत लिहिलेलं असतं आणि ती वही एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे असते. पन्नास जणांचं जेवण तिच्या हिशोबावर उभं असतं. चुकलं तर त्याच रात्री कळतं. वर्गात एरवी मागच्या बाकावर गप्प बसलेली मुलगी या वहीमुळे सातव्या दिवशी सरपंचाशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलताना दिसते. तिच्यात काही जादू झालेली नसते. आपल्यावाचून अडेल असं काम तिला पहिल्यांदा मिळालेलं असतं, एवढंच.

अमेरिकेत अलेक्झांडर ॲस्टिन या शिक्षण संशोधकानं १९८४ मध्ये विद्यार्थी सहभागाचा जो सिद्धांत मांडला, तो नेमकं हेच सांगतो. विद्यार्थी किती शिकतो आणि किती बदलतो, हे तो कॉलेजच्या जीवनात स्वतःचा वेळ आणि शक्ती किती घालतो यावर ठरतं. १९९३च्या पुस्तकात त्यानं आणखी पुढे जाऊन दाखवलं की पदवीच्या वर्षांत विद्यार्थ्यावर सर्वांत जास्त परिणाम करतात ती त्याच्या बरोबरीची मुलं. आणि शिक्षण अर्धवट सोडण्याच्या त्याच्या आधीच्या अभ्यासातला एक निष्कर्ष आपल्याकडे घरोघरी सांगावा असा आहे: बाहेर पूर्णवेळ नोकरी करणारा विद्यार्थी गळण्याची शक्यता वाढते, पण कॉलेजच्याच आवारात थोडे तास काम करणारा टिकून राहण्याची शक्यता वाढते. दोन्हीकडे कामच, पण तास आणि जागा वेगळी, म्हणून परिणाम वेगळा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ उभं केलं, तेव्हा त्यांच्याजवळ असे अभ्यास नव्हते. पण खत वाहणारा, बागेला पाणी देणारा मुलगा त्या संस्थेला आपली म्हणेल, हे त्यांना कळलं होतं.

यावर कुणी म्हणेल, की अमेरिकेतली मुलं वसतिगृहात राहतात, आपल्या पोरांना गाडी गाठायची असते. वेळ कुठून आणणार? शिवाय घरची परिस्थिती, पार्ट टाइम काम, एमपीएससीची तयारी. हा आक्षेप मला निवडणुकीच्या आक्षेपाहून जास्त खरा वाटतो, कारण तो गरीब विद्यार्थ्याच्या बाजूनं केलेला आहे. पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. धरमपेठेत वाढलेल्या मुलाचा मामा वकील असतो, शेजारी डॉक्टर असतो, चार माणसांत कसं बोलायचं ते त्याला घरीच कळतं. सहभागाची संधी हुकली तरी त्याचं फार बिघडत नाही. देवरीहून किंवा तुमसरहून आलेल्या, घरातून पहिल्यांदा कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या मुलीला ओळखी, धीर आणि भाषा हे सगळं कॉलेजातच मिळवायचं असतं. शासनही तिला शहरात ठेवण्यासाठी पैसा खर्च करतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना सुरू झाली, तेव्हा नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. या पैशातून खोली मिळते, डबा मिळतो. शहरात आपली जागा मात्र अशा विकत मिळत नाही. आणि वेळेचं म्हणाल, तर तो दुपारी पडलेलाच आहे. सगळे उपक्रम संध्याकाळी पाचनंतर किंवा रविवारी ठेवायचे आणि मग अप-डाउनवाली मुलं येत नाहीत म्हणायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. आठवड्यातून दोन दुपारी, साडेबारा ते अडीच, कुठलाही तास न ठेवता वेळापत्रक आखता येतं. प्रात्यक्षिकांची अडचण आहे, खोल्यांचीही आहे, पण त्या अडचणी वेळापत्रक समितीच्या आहेत, काटोलच्या मुलाच्या नाहीत.

अभ्यास मागे पडेल, ही भीती मी थोडक्यात बाजूला ठेवतो. रोज आठ तास सभा-संमेलनं करणाऱ्याचा अभ्यास बुडेलच. आठवड्याला चार तासांनी बुडणारा अभ्यास मुळातच चालू नसतो.

मुलांना आवडच नाही, या समजुतीला मात्र नागपूर शहर दरवर्षी जाहीर उत्तर देतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्यांच्यामागे वस्त्यावस्त्यांचे बडगे, तेही पुतळेच. ते बांधण्यासाठी वर्गणी गोळा करणारी, बांबू-कागद आणणारी, मिरवणुकीचा मार्ग ठरवणारी पोरं कोण असतात? कॉलेजच्या हजेरीपटावर ‘निष्क्रिय’ ठरलेलीच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, तेव्हा पाणी वाटणारे, वाट दाखवणारे, पुस्तकांच्या स्टॉलवर दिवसभर उभे राहणारे हात मोठ्या प्रमाणात तरुणांचेच असतात. उत्तर नागपूरच्या वस्त्यांत बुद्धविहारांतल्या अभ्यासिका पाहाव्यात. जागा कुणाला द्यायची, वर्तमानपत्रं कोणती घ्यायची, रात्री किल्ली कुणाकडे राहील, गोंगाट करणाऱ्याला कोण समजावेल, हे तिथे बसणारीच मुलं ठरवतात. कुणी क्रेडिट देत नाही, प्रमाणपत्र देत नाही. किल्ली देतात.

क्रेडिटचा उल्लेख आला म्हणून स्पष्ट बोलतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात जो अभ्यासक्रम आला, त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १३२ पर्यंत क्रेडिट आहेत आणि त्यांत एनएसएस, क्रीडा, कला, समाजसंपर्क, क्षेत्रीय प्रकल्प यांना जागा आहे. हे पाऊल चांगलंच आहे; जे काम आजवर ‘अवांतर’ होतं ते शिक्षण म्हणून मोजलं जाऊ लागलं. पण मोजलं जातं ते हजर राहणं. दोन क्रेडिटसाठी ६० तास भरायचे म्हटल्यावर रॅलीत फोटो काढून अहवालाला चिकटवायची सवय लागते, आणि शिक्षकांच्या मागे जिओ-टॅग फोटोंचा ससेमिरा लागतो. रॅली काढायची की मोहल्ल्यातल्या नळांची यादी करायची, हे ठरवण्यात विद्यार्थी कुठेच नसतो. तास त्याचे, बेत दुसऱ्याचा. अशा सहभागातून मुलं एकच गोष्ट पक्की शिकतात, ती म्हणजे कागद पूर्ण करणं.

म्हणून सुरुवात कुठून करायची, तर प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या शुल्काच्या पावतीपासून करावी. ती पावती बहुतेकजण बँकेचा शिक्का पाहून घडी घालतात. तिच्यावर शिकवणी शुल्काखाली छोट्या छोट्या रकमांच्या ओळी असतात: क्रीडा, स्नेहसंमेलन, वार्षिकांक, विद्यार्थी कल्याण, ग्रंथालय. एकेका ओळीत पन्नास-शंभर रुपये दिसतात, पण हजार-दोन हजार विद्यार्थ्यांनी गुणलं की तो एक बरा मोठा निधी होतो. हे पैसे कोणत्या खेळाच्या साहित्यावर गेले, वार्षिकांकाच्या किती प्रती छापल्या, गॅदरिंगच्या मांडवाला किती लागले, हे ज्यांनी ते भरले त्यांना सहसा कधीच सांगितलं जात नाही. विद्यापीठाचा स्थापना दिवस ४ ऑगस्टला येतो, प्रवेश तोवर बरेचसे झालेले असतात. त्या दिवशी प्रत्येक महाविद्यालयानं या ओळींचा मागच्या वर्षीचा जमाखर्च सूचना फलकावर लावावा आणि यंदाच्या खर्चासाठी वर्गावर्गातून माणसं मागावीत. त्यासाठी नवा कायदा नको, निवडणुकीची वाट पाहायला नको. एक छापील कागद, चार टाचण्या, आणि फलकाखाली दोरीनं बांधलेली एक कोरी वही, दुपारी गाडीची वाट पाहणाऱ्यांना प्रश्न लिहायला.